साथ आली, मोबाइल सरसावा

साथीच्या दिवसांत डॉक्टर-नर्स मंडळी आपापल्या परीनं धडपडत असतात. त्यांचं त्यांना करू द्या. तुमचं काम जास्त निकडीचं आहे. दोषी कोण, हे संध्याकाळपर्यंत ठरलंच पाहिजे.

सुरुवात खिडकीपासून करा. पडदा बोटभर सरकवा, झूम करा आणि रस्त्यावर दिसेल त्याला टिपा. झूम सढळ हातानं वापरा. लांबून ओढलेल्या फोटोत माणसांमधलं अंतर आपोआप मिटतं. दहा-दहा पावलांवरून चालणारी चार माणसंसुद्धा जत्रेला निघाल्यासारखी दिसतात. त्यातला एखादा औषध आणायला चालला असेल, एखादी रात्रपाळी करून परतत असेल, असल्या शंका आत्ता नकोत. फोटो टाकून झाल्यावर हव्या तेवढ्या घ्या. मजकूर मोजका ठेवा: ‘यांना जगायचा कंटाळा आलाय, आपण कशाला मरायचं?’ पुढे आधी जोडलेले हात, मग संतापलेला लाल चेहरा. क्रम चुकवू नका. नुसता लाल चेहरा म्हणजे चिडचिड. आधी हात जोडले की तेच समाजकार्य.

नियम नेमका कोणता मोडला, हे ठाऊक नसलं म्हणून अडून बसू नका. नियम बदलतात, आपला आवेश बदलता कामा नये. २०२०च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. तेव्हा मास्कवाल्याला साठेबाज म्हणायचं होतं. जूनमध्ये सल्ला बदलला, मग बिनमास्कवाल्याला खुनी. दोन्ही पोस्ट एकाच माणसाबद्दल असल्या तरी हरकत नाही.

पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. याबाबतीत दक्षिण कोरियातल्या लोकांचं नशीब थोर. तिथं कोविडच्या पहिल्या लाटेत रुग्णाचं वय, लिंग आणि तो कुठं कुठं गेला याची जंत्री सरकारच मोबाइलवर धाडत होतं. लोकांनी त्यावरून कुणाचं कुणाशी काय चाललंय इथपर्यंत शोध लावले. शेवटी तिथल्या मानवाधिकार आयोगानं नाराजी व्यक्त केली. रसभंग करणारी माणसं सगळीकडे असतात.

तपशील चुकला तर? चुकू द्या, टिकतो. एड्सच्या साथीत, १९८४ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांचे एकमेकांशी असलेले संबंध दाखवणारी आकृती छापली. तीत एका कॅनेडियन विमान कर्मचाऱ्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर होतं. अर्थ एवढाच, की हा कॅलिफोर्नियाबाहेरचा. त्या ‘ओ’चं शून्य झालं, आणि तो बिचारा अख्ख्या देशात रोग आणणारा ‘पेशंट झीरो’ ठरला. २०१६ साली जुन्या रक्तनमुन्यांतल्या विषाणूची जनुकं तपासली, तेव्हा कळलं की विषाणू तिथं १९७०च्या आसपासच पोचला होता. तोवर त्याला जाऊन ३२ वर्षं झाली होती. त्याचं खरं चुकलं कुठं, तर तपास करणाऱ्यांनी विचारल्यावर त्यानं आठवतील तेवढी नावं सांगितली. इतरांना फार थोडी आठवली. शहाणे!

आता एक अवघड प्रसंग. एखाद्या सकाळी तुमचाच घसा खवखवतो. घाबरू नका. खोकला आला की मिक्सर लावा आणि मग खोका. तपासणीला जाऊ नका, तिथं पत्ता लिहून घेतात. कुणाकुणाला भेटलात असं विचारणारा फोन आलाच, तर ‘कुणालाच नाही’ म्हणा. कोविडची लागण लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकते, म्हणजे परवा लिफ्टमध्ये सोबत असलेल्या आजीबाईंना सांगायला हवं खरं तर. पण त्याही ग्रुपवर आहेत.

तेव्हा आधी खिडकीकडे जा आणि पडद्याची ती बोटभर फट बुजवा. दिवा मात्र लावू नका. समोरच्या घराचाही पडदा जरासा सरकलेला आहे.