मुलांचा वर्ग की बाईंची कार्यशाळा?

नारायण पेठेतल्या अमृततुल्यासमोर परवा जो वाद रंगला, तो मुद्द्यांसकट लिहून काढतोय. स्वयंसेवकांच्या जिवावर मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी संगीताची संस्था चालवायची, तर हातातले थोडेसे तास घालवायचे कुठे, मुलांना थेट शिकवण्यात की बाई म्हणतात तसं शिक्षकांच्या कार्यशाळेत, एवढाच विषय. नावं घालत नाही, कट्ट्यावर जो तो कामावरूनच ओळखला जातो.

ढोलवाल्याने तोंड उघडलं तेच ठासून. "मुलांना थेट शिकवा. रविवारी सकाळी दोन तास, तेही फुकट. शिक्षकांना शिकवून काय मिळणार? शाळेत गेले की ते परत पोर्शनच उरकणार."

"आणि गणपतीच्या आधी दीड महिना तू कुठे असतोस?" खजिनदारांनी विचारलं.

तो हसला, पण मुद्दा लागला. पथकांचा सराव सुरू झाला की पुण्यात विशी-पंचविशीतला स्वयंसेवक हाताला लागत नाही, आठवी-नववीची पोरंही तिकडेच पळतात. मग नवरात्र, दिवाळीची सुट्टी, शाळांची स्नेहसंमेलनं आणि पाठोपाठ परीक्षा. रविवारचा वर्ग सलग चालतो तो जून-जुलैत आणि दिवाळीनंतर थोडे दिवस. वर्षभराचं वेळापत्रक छापून मोकळे होणारे हे विसरतात आणि ऑगस्टात पालकांचे फोन घेत बसतात.

बाईंनी गणितच मांडलं. "एका वर्गात 40 मुलं धरा. 20 शिक्षक तयार झाले तर 800 मुलांपर्यंत गाणं जातं. तुमच्या रविवारी येतात 25."

"जातं म्हणजे काय हो बाई? त्या वीसांतले किती जण सोमवारी वर्गात खरंच गातात, हे बघायला कोण जातं?" ढोलवाल्याने विचारलं.

हा प्रश्न रास्त होता, आणि माझ्या मते अख्ख्या चर्चेतला सगळ्यात कामाचा. शिक्षक कार्यशाळेत रमतात, टाळ्या वाजवतात, प्रमाणपत्र घेतात आणि विसरतात. म्हणून कार्यशाळेचा आकार खुर्च्यांवरून ठरवू नये, नंतरच्या वर्गभेटींवरून ठरवावा, असं बाईंनी मान्य केलं. पाच स्वयंसेवक महिन्याभरात प्रत्येकी चार शाळांत जाऊ शकत असतील तर 20 शिक्षक घ्यायचे, एकविसाव्याला पुढच्या खेपेला बोलवायचं. भेटीत भाषण नको. मागच्या बाकावर बसायचं, एक गाणं ऐकायचं, एकच दुरुस्ती सांगायची आणि निघायचं.

मग कार्यशाळेत शिकवायचं काय, यावर पेटीवाले काका सरसावले. त्यांच्या मते पहिला तास फक्त 'सा कुठला', म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, यावर द्यावा. शिक्षिका आपल्या गळ्याच्या सोयीने काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) धरतात. गाणं मंद्र पंचमाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'कडे उतरलं की मुलांना आवाजच उरत नाही, ती बोलायला लागतात. पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी. ते खालच्या सप्तकात गातात, मुलं त्यांच्याइतकं खाली उतरायला बघतात आणि नुसती घरघरतात. प्राथमिकच्या मुलांना मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा पांढरी दोन द्यावी. गाणं तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत जात असेल तर पांढरी एकच बरी. सरांनी ओळ एकदा सांगून वर्गातल्याच सुरेल मुलीकडून किंवा मुलाकडून म्हणवून घ्यावी, बाकीचे त्या सप्तकात आपोआप येतात. आवाज फुटत असलेल्या मुलांना मात्र वरच्या सुरांसाठी ताणू नये, त्यांच्याकडे ठेका द्यावा.

"आणि पेटीवर अख्खी चाल वाजवणं बंद करा," काका म्हणाले. "मुलं पेटीचा हात धरून चालतात, स्वतःचा आवाज ऐकतच नाहीत." पडताळणी सोपी आहे. पहिलं कडवं पेटीवर, दुसरं फक्त मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर, आणि शेवटच्या ओळीला पेटीवर 'सा' दाबून बघायचं. वर्ग किती चढला किंवा उतरला ते तिथल्या तिथे कळतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, शिक्षक 'अजून जोरात' म्हणालेले असतात. ओरडलं की सूर सुटलाच.

इथे ढोलवाल्याने परदेशी पद्धतींचा विषय काढला. कार्ल ऑर्फच्या पद्धतीत झायलोफोनच्या नको असलेल्या पट्ट्या काढून ठेवतात, म्हणजे मूल चुकीचा सूर वाजवूच शकत नाही. "आपल्याकडे कुठून आणायचे ते झायलोफोन?"

"कशाला आणायचे?" काकांनी वहीवर सप्तक काढून दाखवलं. सा काळी तीन धरला की भूप राग अख्खा काळ्या पट्ट्यांवर बसतो: काळी तीन, चार, पाच, मग पुढची काळी एक आणि दोन. सा रे ग प ध. मुलाला सांगायचं, पांढऱ्याला हात लावू नकोस, बाकी काहीही वाजव. मागे तानपुरा त्याच सुरात ठेवायचा. फक्त हे वाजवण्यापुरतंच, त्या पट्टीत वर्गाला गायला लावायचं नाही, मुलांना ती फार उंच पडते. तालासाठी टिपऱ्या पुरतात. दोघांत एक जोडी, म्हणजे 40 मुलांना 20 जोड्या. एक वाजवतो, दुसरा हाताने टाळी-खाली दाखवतो, मग अदलाबदल. केरवा तालाच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा पक्क्या होईपर्यंत तीनतालाचं नाव काढू नये. सगळ्यांना एकदम टिपऱ्या दिल्या तर काय होतं, हे शाळेत शिकवणाऱ्याला सांगायला नको.

मुलांच्या वर्गासाठी बाईंनी एकच वही मागितली. तारीख, हजेरी, सा कुठला धरला, कुठल्या ओळीपर्यंत आलो, पुढच्या वेळी काय. चार ओळींवर जायचं नाही. स्वयंसेवक आजारी पडतात, त्यांची नोकरी बदलते. वही नसेल तर नवा माणूस परत पहिल्या अलंकारापासून (सुरांच्या सरावाच्या पहिल्या धड्यापासून) सुरू करतो आणि मुलं कंटाळून गळतात.

फी घ्यावी की नाही, यावर आवाज चढले. शेवटी खजिनदारांनी मधला मार्ग काढला: फी नाही, पण अनामत घ्यायची. दहापैकी आठ रविवार हजर राहिलं की सगळी परत. ज्याला तेवढीही झेपत नाही त्याला गुपचूप माफ. परीक्षांचा मुद्दाही तिथेच निघाला, कारण पालकांना प्रमाणपत्र हवं असतं आणि दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुणही मिळतात. काकांचं म्हणणं असं की गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिकेची तयारी एकेका मुलाकडून करून घ्यावी लागते, 25 जणांच्या घोळक्यात ती होत नाही. ज्याला गोडी लागली त्याला गुरूकडे पाठवावं. मला हे पटतं. ढोलवाल्याला पटलं नाही.

एका मुद्द्यावर मात्र कुणी वाद घातला नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, एकट्या मुलाची वेगळी तालीम बंद खोलीत नाही. मुलांना थेट मेसेज नाही, जे काय ते पालकांच्या गटावर. श्वास पोटातून कसा घ्यायचा ते स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवायचं, मुलाच्या नाही. आणि काही कानावर आलंच तर कार्यकारिणीत 'आपसात बघू' चालत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी हे वाचायला देऊन सही घ्यावी.

कागदपत्रांचं खजिनदारांनी थोडक्यात सांगितलं. संस्था म्हणून नोंदवायची तर किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालच्या नोंदणीबरोबर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. खरी मेख पुढे आहे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की कागदावर जुनीच मंडळी विश्वस्त राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि दोन सह्यांपैकी एक अमेरिकेत असते. पावतीपुस्तकातली रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती आत टाचून ठेवायच्या. वार्षिक कार्यक्रमाला तिकीट लावलं नाही तर हौशी मंडळाच्या सादरीकरणाला स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. तिकीट लावलं की हिशेब वेगळा.

शेवटी वाद्यांवर आलो आणि काका कडक झाले. पेटी घरी द्यायची तर नोंदवहीत क्रमांक, भात्याची अवस्था, अडकणाऱ्या पट्ट्या, सगळं लिहून दोघांच्या सह्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. लोक जोर करतात आणि मोडतात. ती कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवावी, मग बघावं. उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात, म्हणून शाळेच्या अडगळीच्या खोलीत पेटी ठेवायची नाही, कपाटातच. तबल्याच्या शाईला (मधल्या काळ्या वर्तुळाला) ओला हात लागला की ती सुटायला लागते, म्हणून वाजवण्याआधी हात कोरडे, वाजवून झालं की वर गादी.

शेवटी जमलं ते असं: मुलांचा वर्ग ठेवायचा, पण जून-जुलैतले आठ आणि दिवाळीनंतरचे दोन, असे दहाच रविवार. आणि त्या वर्गात मागे दर वेळी चार शिक्षक बसवायचे, दुसऱ्या तासाला त्यांतल्या एकाने पुढे येऊन शिकवायचं. ढोलवाल्याला मुलं मिळाली, बाईंना शिक्षक. सचिवपद कुणी घ्यायचं हा विषय निघाला तेव्हा मात्र काकांना दुकान उघडायचं आठवलं, बाईंना बस, आणि बदल अर्जाचा नमुना खजिनदारांच्याच हातात राहिला.