होशंगशाहाचा मकबरा म्हणजे ताजमहालाची रंगीत तालीम नव्हे

श्रावणात पाऊस थोडा सैलावला की इंदूरच्या आमच्या घरातून मांडवची एक फेरी ठरलेली असते. पुण्या-मुंबईचे पाहुणे मांडवगड म्हणतात, आम्ही नुसते मांडव. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. या वर्षी बाबा आणि माझी भाची बरोबर होती. बाबांची सगळी नोकरी सरकारी इमारतींच्या बांधकामावर गेली, त्यामुळे कुठल्याही वास्तूत शिरले की ते आधी भिंतीची जाडी आणि पायाजवळची ओल पाहतात, नक्षीकडे मग वळतात. माळव्याच्या पंधराव्या शतकातल्या सुलतानाच्या, होशंगशाहाच्या मकबऱ्यात आम्ही उभे असताना एका गाइडने चाळीसेक पर्यटकांना दारातच थांबवले आणि सांगितले की शाहजहानने आपले कारागीर इथे पाठवले, त्यांनी मापे घेतली आणि मग आग्र्याला ताजमहाल उभा राहिला. पुरावा म्हणून त्याने दाराच्या चौकटीवरच्या लेखाकडे बोट दाखवले. सगळ्यांनी लेखाचे फोटो काढले, आत पाचेक मिनिटे फिरले, आणि बस रूपमतीच्या महालाकडे निघून गेली.

ही गोष्ट मी शाळेच्या सहलीपासून ऐकत आले आहे. पूर्वी तिचा अभिमानही वाटायचा. आपल्या माळव्यातून ताज गेला, असे मी पाहुण्यांना स्वतःच सांगितले आहे. आता मात्र ती गोष्ट खोडून काढावीशी वाटते, कारण एक तर ती त्या लेखावरून सिद्ध होत नाही, आणि दुसरे म्हणजे तिच्यामुळे एका अत्यंत विचारपूर्वक बांधलेल्या इमारतीकडे कोणी नीट पाहतच नाही.

तो लेख हिजरी १०७० चा, म्हणजे इ. स. १६५९ चा आहे. उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा लुत्फुल्ला मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद हे या ठिकाणी दर्शनाला, आदर व्यक्त करण्यासाठी आले होते, एवढेच तो नोंदवतो. उस्ताद अहमद हे ताजचे प्रमुख वास्तुकार मानले जातात, म्हणून या चार नावांना वजन आहे. पण ताजची मुख्य इमारत १६४८ पर्यंत तयार झाली होती, भोवतीचा सगळा परिसर १६५३ च्या सुमारास पुरा झाला, आणि १६५९ मध्ये तर शाहजहान स्वतः आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाच्या कैदेत होता. ताज उभा राहून गेल्यावर त्याची मापे घ्यायला कोणी कशाला येईल? हे लोक आले ते नमस्कार करायला. ज्यांच्या डोळ्यांसमोर ताज होता, त्यांनीही सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या या ठेंगण्या, साध्या इमारतीपुढे आपली नावे कोरावीत, यात मकबऱ्याचा मान नकलेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १६१७ मध्ये जहांगीर काही महिने मांडवला मुक्कामाला होता, आणि दख्खनच्या मोहिमेवरून परतलेल्या शाहजादा खुर्रमला त्याने ‘शाहजहान’ हा किताब दिला तो इथेच. तेव्हा पंचविशीतल्या शाहजहानने हा संगमरवरी घुमट पाहिला असणार, आणि तो त्याच्या मनात राहिला असेल तर त्यात नवल नाही. पण मनात राहणे वेगळे आणि आराखडा उचलणे वेगळे. ताजची वंशावळ पाहायची तर दिल्लीचा हुमायूनचा मकबरा पाहावा. दुहेरी घुमट, उंच चौथरा, चार भागांची बाग, हे सगळे तिथे आहे. संगमरवरात रंगीत दगड जडवण्याची तयारी पाहायची तर आग्र्याचा इतमादउद्दौलाचा मकबरा पाहावा. होशंगशाहाच्या मकबऱ्याला बाग नाही, मिनार नाहीत, घुमट बसका आहे आणि जडावाचा तो थाट नाही.

मग तिथे आहे काय? एक पसरट चौथरा, त्यावर चौरस इमारत, मधोमध मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना चार छोट्या घुमट्या. आतून बाहेरून संगमरवर. पूर्णपणे संगमरवरात बांधलेली भारतातली ही पहिली मोठी वास्तू मानली जाते. भिंतींचा बराच भाग कोरा सोडला आहे, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत धाडसी निर्णय आहे. इतका महाग दगड हाताशी असताना त्यावर कोरीवकाम करण्याचा मोह आवरणे कठीण असते, आणि इथे तो आवरला आहे. नक्षी आहे ती मोजक्या ठिकाणी: छज्ज्याखालचे दगडी हस्त, दक्षिणेच्या दाराची कमान आणि तिच्या दोन बाजूंच्या जाळ्या.

आत शिरल्यावर पहिली काही क्षणे काहीच दिसत नाही. मग जाळीतून आलेला उजेड फरशीवर छोट्या छोट्या ठिपक्यांनी उतरलेला दिसतो, आणि त्याच्या मागून कबरी उमटू लागतात. कोपऱ्यांतल्या कमानी चौरस खोलीचा अष्टकोन कसा करतात आणि त्यावर गोल घुमट कसा बसतो, हे बाबांनी भाचीला हाताची बोटे जुळवून दाखवले. तिने लगेच विचारले की मग घुमटाचे वजन जाते कुठे. बाबांनी तिला भिंतीच्या जाडीकडे न्यायला हेच निमित्त साधले. दाराच्या खाचेत उभे राहून तिने दोन्ही हात पसरले तेव्हा तिला ते वजन कुठे उतरते ते समजले. छतावरून थेंब कबरीवर टपकतो आणि तो आकाशाचा अश्रू आहे, असेही तिथे सांगतात. माझ्या समजुतीप्रमाणे दमट हवा थंड दगडाला लागून जमणारे ते पाणी आहे, पण त्या गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. ती निदान लोकांना मान वर करून घुमट पाहायला लावते.

या इमारतीमागचे राजकारणही तितकेच पाहण्यासारखे आहे. दिलावरखान घोरीच्या मुलाने, होशंगशाहाने, माळव्याची राजधानी धारहून या पठारावर आणली. विंध्याच्या कड्यावरचे हे पठार काकडा खोहच्या खोल दरीने माळव्यापासून तुटलेले आहे, भोवती सदतीस किलोमीटरांच्या आसपास तट आहे आणि वर तळी आहेत. वेढा पडला तरी आत शेती आणि पाणी दोन्ही टिकावे अशी ती जागा. होशंगशाह १४३५ मध्ये वारला. त्याच्या मुलाकडून गादी हिसकावली ती महमूद खिलजीने, जो त्याच घराण्याचा वजीर होता. आणि होशंगशाहाने आरंभलेली जामी मशीद व त्याचा मकबरा पुरा केला तोही याच महमूदने. मकबरा १४४० च्या सुमारास आणि मशीद १४५४ मध्ये. ज्याचा वंश संपवला त्याचीच कबर संगमरवरात मढवायची, यात पश्चात्ताप किती आणि वारसदार म्हणून मिरवण्याची गरज किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दुसरे कारण जास्त पटते.

त्याच महमूदने स्वतःसाठी काय केले ते मशिदीसमोरच, अशर्फी महालात पाहायला मिळते. आधी तिथे मदरसा होता. त्याचे चौक भरून काढून त्यावर मोठा मकबरा उभारला गेला, आणि एका कोपऱ्याला मेवाडच्या राणा कुंभावर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून सात मजली मनोरा. त्याच लढायांचा विजय राणा कुंभानेही आपला म्हणून मिरवला आणि चितोडला नऊ मजली स्तंभ बांधला. चितोडचा स्तंभ आजही उभा आहे. मांडवच्या मनोऱ्याचा तळ तेवढा उरला आहे, आणि मकबरा तर पार ढासळला आहे. घाई आणि सदोष बांधकाम हे त्याचे कारण अभ्यासक सांगतात. बाबा त्या रुंद पायऱ्या चढून वर आले, खाली वाकून दगडांतली भर बघितली, आणि म्हणाले, “जुन्या बांधकामाच्या पोटावर नवा बोजा टाकायचा तर आधी ते पोट तपासायला हवे ना.” पुढे बराच वेळ ते गप्प होते.

या खिलजींच्या कबरींशी आणखी एक प्रसंग जोडलेला आहे. महमूदचा नातू नासिरुद्दीन याने आपल्या म्हाताऱ्या बापाला, गियासुद्दीनला, विष दिले अशी वदंता होती. जहांगीर इथे आला तेव्हा त्याने नासिरुद्दीनच्या कबरीला लाथा मारल्या आणि अवशेष उकरून नर्मदेत टाकायला लावले, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. राजाची कबर ही कधीच नुसती कबर नसते. पुढचा प्रत्येक सत्ताधीश तिथे येऊन काहीतरी बोलून जातो. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. इंदूरला कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकरांच्या. मी रोज त्यांच्यावरून जाते. दहनानंतर उभारलेली ती स्मारके, तिथे देह नाही. मकबऱ्यात देह आहे, म्हणून त्याला जाड भिंती, अंधार आणि एकच दार हवे. छत्री मात्र खांबांवर मोकळी उभी राहू शकते. हा फरक ध्यानात घेतला की दोन्ही इमारती अधिक चांगल्या कळतात.

१७३१-३२ नंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पवारांची राजधानी पुन्हा धारला गेली, त्यानंतर मांडवचे महत्त्व ओसरले. जहाज महाल, गच्चीवरून पाणी फिरवत खाली आणणारी त्याची नागमोडी पन्हाळ, हिंदोळा महालाच्या तिरक्या भिंती, यांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे. ते पुन्हा कधीतरी.

या पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर एक करा. चौकात गोरखचिंचा विकत घेऊन झाल्या की रूपमतीकडे लगेच धावू नका. आधी अशर्फी महालाच्या पायऱ्या चढा आणि पडझड पाहा, मग समोरच्या मशिदीत जा, आणि तिच्या मागच्या मकबऱ्यात सर्वांत शेवटी. गाइडने लेख दाखवला तर जरूर बघा, आणि मुलांना त्यातले साल वाचून दाखवा. आमची भाची परतीच्या वाटेवर, मानपूर येईपर्यंत, जादूराय आणि शिवराम कुठून आले असतील, किती दिवस प्रवास केला असेल, हेच विचारत होती.