नेपल्सचे घरजावई होऊ इच्छिणाऱ्यांना चार समजुतीच्या गोष्टी

चौदाव्या शतकातील नेपल्सच्या गादीवर बसलेल्या जोआना राणीशी सोयरीक करण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. स्थळ उत्तम आहे. समुद्र दाराशी आहे, आणि राज्य मुळात पोपच्या अधिपत्याखालचे असल्यामुळे घरातल्या प्रत्येक भांडणाचा निवाडा करायला तिऱ्हाईत आयताच मिळतो.

तरीही होकार कळवण्यापूर्वी आधीच्या जावयाची चौकशी अवश्य करावी. हंगेरीच्या अँड्र्यूला 1333 साली वाङ्‌निश्चयासाठी नेपल्सला आणले, तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. त्याच्या आजोबांच्या थोरल्या शाखेला डावलून जोआनाचा आजोबा रॉबर्ट नेपल्सचा राजा झाला होता, आणि ती जुनी भाऊबंदकी नातीच्या लग्नाने मिटावी, असा रॉबर्टचा शहाणा बेत होता. मात्र 1343 मध्ये त्याने डोळे मिटले, तेव्हा मृत्युपत्रात राज्य एकट्या जोआनाच्या नावे निघाले. समंजस जावयाने अशा वेळी मानपानावर समाधान मानले असते. अँड्र्यूने मुकुटाचा हट्ट धरला, त्याची आई सोने-चांदी घेऊन इटलीत आली, आणि पोप क्लेमेंट सहावा अखेर राज्याभिषेकाला राजी झाला. जावयाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा काळ तो हाच. 18 सप्टेंबर 1345 च्या रात्री नेपल्सजवळच्या आव्हेर्सा येथे त्याला शयनगृहातून बाहेर बोलावून घेतले, गळा आवळला आणि देह खाली बागेत टाकून दिला. तेव्हा अपरात्री कोणी तातडीच्या कामाचा निरोप आणल्यास आपण झोपेचे सोंग घ्यावे, सकाळपर्यंत काम बहुधा टळते.

दुसरा पती, टारांटोचा लुई, हा राणीचा नात्यातलाच. त्याने पोपच्या परवानगीची वाट न पाहता 1347 मध्ये लग्न उरकले. पुढे अँड्र्यूचा भाऊ सूड घ्यायला हंगेरीहून फौजेसह उतरला, तेव्हा नवरा-बायको दोघेही दक्षिण फ्रान्समधल्या, राणीच्याच मालकीच्या प्रोव्हान्सला निघून गेले. तेथे 1348 मध्ये आव्हिन्यों शहर पोपला 80,000 फ्लोरिनांना (सोन्याच्या नाण्यांना) विकले गेले आणि लग्नालाही पोपची रीतसर मान्यता मिळाली. दोन्ही व्यवहार एकाच सुमारास व्हावेत, हा निव्वळ योगायोग समजण्याइतकी सभ्यता आपल्यापाशी असेलच. लुईने 1352 मध्ये मुकुटही मिळवला आणि ‘गाठ’ या नावाचे सरदारांचे मंडळ काढले. लग्नगाठीवर त्याचा एवढा विश्वास होता, की कारभार त्याने बायकोच्या हातात फारसा ठेवलाच नाही.

तिसऱ्या खेपेस राणीने अनुभवी उमेदवार पाहिला. मायोर्काचा जेम्स बारा वर्षांहून अधिक काळ कैदेत राहून, त्यातही लोखंडी पिंजऱ्याचा अनुभव घेऊन आला होता. राजेपदावर हक्क सांगणार नाही, अशी अट त्याच्या करारात होती. तो लढाईच्या नादाने स्पेनला गेला, तेथे पुन्हा कैद झाला आणि बायकोने खंडणी भरून त्याला सोडवले. आपणही कैदेत काही वर्षे काढली असल्यास अर्जात तसे ठळक नमूद करावे.

राणीचे एकही अपत्य जगले नव्हते. म्हणून तिने 1380 मध्ये फ्रेंच राजघराण्यातल्या आंजूच्या लुईला दत्तक घेतले, पण राणीचाच आप्त असलेल्या दुराझोच्या चार्ल्सने त्याच्या आधी पोहोचून 1381 मध्ये नेपल्स जिंकले, आणि पुढल्या वर्षी ती कैदेत मारली गेली. चौथा पती, ब्रुन्सविकचा ऑटो, तिला सोडवायला लढला आणि स्वतःच पकडला गेला. चार जावयांपैकी राणीच्या मागे जिवंत उरला तो हाच एक, आणि राजा म्हणून त्याला कधी मुकुट चढला नव्हता.