सेवा केंद्र कुठं काढायचं? गणित घाला की!

तालुक्यात आरोग्य केंद्र असो, सेतू असो नाहीतर खताचं गोडाऊन, जागा ठरवायला गावोगाव फिरत बसू नका राव. ऊन लागतं आणि वर माणसं प्रश्न विचारतात. सरळ लॅपटॉप उघडा आणि पी-मिडियन मॉडेल लावा, हकिमी नावाच्या माणसानं 1964 सालीच सांगून ठेवलंय, प्रत्येक गावाची लोकसंख्या गुणिले जवळच्या केंद्रापर्यंतचं अंतर, सगळ्याची बेरीज कमीत कमी आली की झालं. केंद्रं किती काढायची तो पी. तो गणितात शोधू नका, निधी किती आलाय ते अकाउंटवाल्याला विचारा.

आता अंतर. एक असतं रस्त्याचं आणि एक कावळ्याचं, म्हणजे उडत सरळ रेषेत गेलं तर पडेल तेवढं. तुम्ही कावळ्याचंच घ्या, सोपं पडतं. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडं धोपावे समोर दिसतं, मॉडेलही म्हणतं की दोघांना मिळून एक केंद्र बास. रात्री फेरीबोट बंद झाल्यावर कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी पार चिपळूणकडून वळसा घालून आणावी लागेल, पण ते मॉडेलमध्ये येत नाही. कावळा आजारी पडला तर मात्र दोन मिनिटांत पोचेल.

लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची घाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं 1122 बायका, म्हणजे बाप्ये मुंबईला आणि घरी म्हातारी नि सूनबाई. तब्येतीला दवाखाना जास्त कुणाला लागतो हा प्रश्न डोक्यात आला तर पाणी प्या, मॉडेलला सगळी डोकी सारखीच.

खरी गंमत वजनात आहे. कारखाना कुठं काढावा हे सांगणारा वेबरचा 1909 चा सिद्धांत शिकवताना एक खेळणं दाखवतात, टेबलाला भोकं, एकेक भोक म्हणजे एकेक गाव समजा, भोकांतून दोरे, दोऱ्यांना खाली वजनं, आणि वर सगळ्या दोऱ्यांची मिळून एक गाठ, ती सरकत सरकत जिथं थांबते ती सगळ्यात चांगली जागा. तर साहेबांच्या सासुरवाडीचा दोरा टेबलाखालून जरासा ओढून धरायचा. वरून बघणाऱ्याला गाठ आपोआप सरकल्यासारखी वाटते. रिपोर्टमध्ये ह्याला 'भविष्यातील वाढीचा विचार' म्हणायचं.

वरच्या धनगरवाड्याचं काय, असं एखादा शहाणा विचारतोच. आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणतात ना, तो वाडा. विचारणाऱ्याला सांगा, आम्ही सरासरी अंतर कमी करतो, चाळीस डोकी सरासरीत दिसत नाहीत. सगळ्यात लांबच्या माणसाचं अंतर कमी करणारं पी-सेंटर नावाचं मॉडेलही आहे, पण ते कुणाला सांगू नका. फारच गळ्याशी आलं तर कव्हरेजचं मॉडेल काढा, ठरल्या अंतरात जास्तीत जास्त माणसं बसवणारं, चर्च आणि रेव्हेल नावाच्या दोघांचं, 1974 चं. 5 किलोमीटरच्या वर्तुळात वाडा बसत नाही? 8 चं वर्तुळ काढा, बसला! वाडा जागचा हलला नाही, डोलीवाल्यांचे खांदेही तेच, पण नकाशा हिरवागार.

एवढं करून मॉडेलनं निवडलेल्या जागी केंद्र होईल असं नाही हां. होतं ते जिथं कुणीतरी जमीन बक्षीसपत्र करून देतो तिथंच. म्हणून 'संभाव्य जागा' ह्या यादीत तेवढीच एक जागा टाका, मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तीच निवडतं.

असलं एक केंद्र बघून आलोय मी. गावाबाहेर, स्मशानाच्याही पुढं, दाराला कुलूप. खिडकीतून बघितलं तर आत पेंढ्या रचलेल्या. शेजारच्या बांधावर आजी गवत कापत होत्या, त्यांना विचारलं, आजी, उघडतं कधी हे?

"मंगळवारी नर्सबाय येतात तवा."

"आणि चावी?"

"ज्यानं जमीन दिली त्याच्याकडं. पेंढा त्याचाच हाय की."

रिपोर्ट काढून बघितला. गावापासूनचं अंतर 1.847 किलोमीटर लिहिलेलं, दशांशाच्या तीन घरांपर्यंत. कावळ्याचंच होतं.