‘मुलांसाठी ठीक आहे’ हे पटलं नाही
एका सुपरहिरो कॉमिकच्या नव्या अंकावरच्या लेखाच्या शेवटी म्हटलंय की अंक फसलाय, पण लहान मुलांसाठी ठीक आहे. हे अजिबात पटलं नाही. मी तो आठ वर्षांच्या भाच्याबरोबर बसून वाचला. सुरुवातीची सहा-सात पानं नुसती मारामारी, तीही कोण कुणाला का मारतंय हे न कळता. खलनायकाला शहर का बुडवायचंय, हे अंक संपेपर्यंत येतच नाही. भाच्याने तेच विचारलं, दोनदा. नायक घाबरत नाही, चुकत नाही, मग त्याची काळजी कशी वाटणार?

१९६२ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी स्पायडर-मॅनची पहिली गोष्ट अवघ्या ११ पानांत सांगितली. नायक असलेल्या मुलाला शक्ती मिळणं, त्याला चढलेला गर्व, त्याने जाऊ दिलेला चोर, त्याच्या बेन काकांचा मृत्यू, सगळं त्यात आहे. इथे तर जवळपास दुप्पट पानं होती! (चित्रं मात्र सुरेख आहेत, रंग तर फारच.) सगळ्यात जास्त राग संवादांचा आला. चित्रात जे दिसतंय तेच फुग्यात पुन्हा लिहिलंय. भाच्याने शेवटची चार पानं न वाचताच उलटली.