शनिवारी घाणा बंद

गावच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय : यंदाच्या जत्रेत 'बाहेरच्यांना' पाल टाकू द्यायचं की नाही. बाहेरचा म्हणजे नेमका कोण, यातच निम्मे मेसेज खर्ची पडले. आमचं गाव रेवदंड्याजवळ आणि मी टोरांटोत, म्हणजे मी तोंड उघडलं की 'तिकडे बसून शिकवू नका' ठरलेलं.

रविवारी लेकीबरोबर 'सिस्टर अ‍ॅक्ट' पुन्हा पाहिला. १९९२ चा. डोळ्यांदेखत खून झाला म्हणून क्लबातली गायिका, व्हूपी गोल्डबर्ग, नन्सच्या मठात लपते. मठाच्या प्रमुख मॅगी स्मिथ यांना ती अजिबात खपत नाही. पण ती बेसूर कॉयर सुधारते, ओस चर्च भरतं आणि ती सगळ्यांची लाडकी होते. हसून पुरेवाट. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तिला गाता येत नसतं तर?"

मला आपल्याकडचे शनवार तेली आठवले. बेने इस्रायली ज्यू. त्यांच्यात सांगतात, नवगावजवळ गलबत फुटलं, ७ पुरुष आणि ७ बायका वाचल्या. घाण्यावर तेल गाळायचे, पण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी घाणा बंद. पुढे पेणकर, नवगावकर, केहिमकर झाले. 'शनवार तेली' हे नाव काही कौतुकाने ठेवलेलं नसावं, तेल्याला उतरंडीत कुठे बसवायचे ते माहीत आहे. तेलाची गरज होती हेही खरंच. पण शनिवार त्यांचाच राहिला. तेल संपलं तर गिऱ्हाईक थांबलं असणार. आपली थोडी अडचण सोसली, त्याला मी सामावून घेणं म्हणतो.

इथे आमचा गणपती एका चर्चच्या तळघरात बसतो. पहिल्या वर्षी तिथला म्हातारा केअरटेकर म्हणाला, आत ज्योत चालणार नाही. मग आरती मागच्या पायरीवर. हा बाबा अख्खी आरती आग विझवायचं नळकांडं हातात धरून उभा! मंत्रपुष्पांजलीला आम्ही हात जोडले, तसे त्यानेही जोडले, नळकांडं गुडघ्यांत धरून. दुसऱ्या वर्षी आम्ही पोचायच्या आत त्याने टेबल बाहेर मांडलं होतं, शेजारी पाण्याची बादली.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ शांतता. मग एका काकांचा मेसेज : "चर्च भाडं किती घेतं?"

म्हटलं, घेतं ना काका. पालाची पावती आपणही फाडतोच.