मावशीची दोरी आणि म्हादईचं पाणी

परवा खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) लोंढ्याला मावशीकडे गेलो होतो. दुपारी ती अचानक उठली आणि दोरीवरचे कपडे ओढायला पळाली. म्हटलं, पाऊस आला की काय! ऊन तर कडकडीत. "कोळशाची गाडी येऊलाली बघ," म्हणाली. पाच मिनिटांनी खडखडत मालगाडी गेली, उघड्या डब्यांची. काही डब्यांवर ताडपत्री होती, काहींवर ती नुसती फडफडत होती. अंगणातल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं, बोट काळं.

आमच्या भागात कोळशाची खाण नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं आपण धरून चाललोय. खाण म्हटलं की चंद्रपूरकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. तिकडचं दुखणं खरंच आहे. उपसलेल्या मातीचे ढिगारे पावसात वाहतात आणि नदीचं पात्र भरत जातं. कोळशाच्या थरातल्या गंधकाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, तेही ओढ्यातच उतरतं. मेघालयात जैंतिया टेकड्यांतली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसते. फोटो बघून लोक वाहवा करतात, पण नदीतले मासे कधीच मेलेत. हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली ती उगीच नाही.

आपल्या दारात खाण नाही, पण तिचा माल आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येणारा कोळसा गोव्यातल्या मुरगाव बंदरात उतरतो आणि कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत बळ्ळारीकडच्या स्टील कारखान्यांना जातो. वाटेतल्या ब्रागांझा घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. भरलेली गाडी मागून जादा इंजिनं लावून ढकलावी लागते. वाट गोव्यातल्या मोलेच्या आणि कर्नाटकातल्या काळीच्या राखीव जंगलातून जाते, वर भीमगडचं अभयारण्य. गवा काही टाइमटेबल बघून रूळ ओलांडत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर दूधसागरजवळ कोळशाचे डबे घसरून पडले, तेही ऐन पावसात. दूधसागरचं पाणी खांडेपार नदीतून मांडवीत जातं, आणि मांडवी म्हणजे आपलीच म्हादई, खानापूर तालुक्यात उगम पावलेली.

म्हादईवरून आपण किती भांडलो! २०१८ मध्ये म्हादई पाणीवाटप लवादाने वाटणी केली: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. दशांश चिन्हापर्यंत हिशेब. पण त्या पाण्यात पडतं काय, याचा हिशेब कुणी मागितला? (बेळगावात चहाच्या गाड्यावर विचारून बघा, टीएमसी सगळ्यांना पाठ.)

गोव्यातल्या लोकांनी मागितला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, म्हणजे आपण सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतो त्याच रात्री, चांदरला हजारो माणसं याच कोळशाच्या वाटेवरच्या रुळांच्या दुहेरीकरणाविरुद्ध जमली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट, कॅसलरॉक ते कॅरनझोळ या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. त्यातलं तिनईघाट-कॅसलरॉक आपल्या कर्नाटकातलं. निकाल लागला त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आंब्याचे भाव चालले होते. मीही त्यातच होतो, खोटं कशाला बोलू?

गाड्या बंद करा असं मी म्हणत नाही. लोखंड सगळ्यांनाच लागतं. पण ताडपत्री घट्ट बांधायला काय हरकत आहे? कोळसा भरताना पाणी मारा. रुळाकडेच्या चरी ओढ्याला मिळतात तिथे गाळ बसायला खड्डे काढा आणि पावसाळ्याआधी ते उपसा. जंगलाच्या पट्ट्यात रात्री गाडी हळू चालवा. लोंढा-खानापूरच्या ग्रामपंचायतींनी एवढा ठराव केला, तरी मावशी सही करायला पहिली उभी राहील. परवा निघताना तिनेच विचारलं, "अर्ज कुणाकडं द्यायचा रे, हुबळीला रेल्वेकडं की बेळगावला कलेक्टरकडं?"

मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.